कॅथॉलिकॉन म्हणजे ‘कॅथलिकांचा कोश’ नव्हे

प्रश्न असा: १४६० साली जर्मनीतल्या माइन्त्सला छापलेल्या ‘कॅथॉलिकॉन’ या लॅटिन कोशाच्या नावाचा अर्थ ‘कॅथलिकांचा कोश’ असाच ना? आणि त्यातल्या व्युत्पत्ती कितपत खऱ्या?

नाही हो! हा अर्थ ऐकून ऐकून कान किटले. कोशकार बाल्बुस इटलीतल्या जेनोवाचा, कॅथलिकांच्या डोमिनिकन संघाचा भिक्षू होता, पण १२८६ साली ग्रंथ पुरा केला तेव्हा त्याला अभिप्रेत होतं ते ‘सर्वसमावेशक’. वर्णलेखन, उच्चार, व्याकरण, अलंकार आणि शेवटी भलामोठा शब्दकोश, सगळं एकाच ग्रंथात.

खरी गंमत ग्रीक ‘होलोस’मध्ये आहे. ‘कॅथॉलिकॉन’ बनतो ‘काता’ आणि ‘होलोस’ मिळून: ‘काता’ म्हणजे ‘-ला धरून’, ‘होलोस’ म्हणजे ‘सगळा’. इंग्रजीतल्या ‘होल’शी (whole) याचं नातं जोडणारे विद्वान भेटतात; त्यांनी तो नाद सोडावा. त्या इंग्रजी शब्दाचं कूळ वेगळं, आणि त्याच्या आरंभीचा डब्ल्यू तर पंधराव्या शतकाच्या सुमारास चिकटलेला आहे. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या मूळ ‘स’चा ‘ह’ होतो: आपलं ‘सप्त’, त्यांचं ‘हेप्ता’. त्याच न्यायाने ‘होलोस’ म्हणजे आपला ‘सर्व’! लॅटिनमधला भाऊ ‘साल्वुस’, म्हणजे अखंड, सुखरूप. त्यावरून इंग्रजी ‘सेव्ह’. आपण रोज ‘फाईल सेव्ह कर’ म्हणतो, त्यात ‘सर्व’ दडलेला आहे. वेदातल्या ‘सर्वताति’लाही पूर्णता, सुखरूपता हाच अर्थ आहे. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, त्याचं ‘हौर्वतात्’ झालं आणि पुढे ‘खोरदाद’. मुंबईच्या पारशांच्या ‘खोरदाद साल’ या सणात आणि माइन्त्सच्या कोशात एकच धातू नांदतो, हे कळलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं.

कोशातल्या व्युत्पत्ती म्हणाल तर बऱ्याच चुकीच्या. आपल्याला ग्रीक नीट येत नाही, हे बाल्बुसने स्वतःच कबूल केलंय. इरॅस्मस या डच विद्वानाने या कोशाची टर उडवली, ती मला मुळीच मान्य नाही. शब्द फोडून त्यातून अर्थ काढणं ही त्या काळची रीतच होती. आपला निरुक्तकार यास्क तरी काय म्हणतो? ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’, निर्वचन केल्यावाचून राहू नये. यास्काला ऋषी म्हणायचं आणि बाल्बुसला अडाणी, हा कुठला न्याय?

छपाईचा जनक मानल्या जाणाऱ्या गुटेनबर्गनेच हा कोश छापला असं ठासून सांगणाऱ्यांनी ग्रंथाचं शेवटचं पान वाचावं. बोरू-लेखणीवाचून छापल्याचा अभिमान तिथे आहे, मुद्रकाचं नाव नाही.

बाल्बुसचं मोठेपण शब्दांच्या क्रमात आहे. त्याच्या आधी पिसाच्या उगुच्चो या कोशकाराने शब्द मूळ शब्दाच्या कुळाप्रमाणे लावले होते. म्हणजे कूळ ठाऊक असेल त्यालाच शब्द सापडायचा. बाल्बुसने ते सगळे अक्षरक्रमाने लावले आणि लॅटिन ‘आमो’ ‘बिबो’च्या आधी का, ‘आबेओ’ ‘आदेओ’च्या आधी का, हे वाचकाला बोट धरून समजावलं. लोकांना तेव्हा हे समजावून सांगावं लागत होतं! खाली त्याने विनवलंय की हा क्रम लावायला फार कष्ट पडले आहेत, त्याला क्षुल्लक मानू नका.