गाडी उशिरा आली तर कंपनीला हाकलता येतं का?

प्रश्न: मुंबईची मोनोरेल चालवणाऱ्या कंपनीशी करार तोडला होता ना, मग लगेच दुसऱ्या कंपनीच्या गाड्या का नाही आणल्या? परदेशात पण असंच होतं का?
– वाचक, चेंबूर

उत्तर: करार तोडला डिसेंबर २०१८ मध्ये, एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, आणि मोनो स्वतः चालवायला घेतली. पण मोनो एकाच तुळईवर (बीमवर) दोन्ही बाजूंनी चाकं टेकवून धावते, त्यामुळे डबा त्याच मापाचा लागतो, बाजारात जाऊन दुसरा उचलून आणला असं होत नाही. स्पेअर पार्टचंही तेच रडगाणं, एका गाडीचे पार्ट काढून दुसरीला लावायची वेळ आली. नंतर १० नव्या गाड्यांची ऑर्डर हैदराबादच्या मेधा कंपनीला दिली.

परदेशात काय वेगळं नाही हो! कॅनडात टोरोंटोला मेट्रोलिंक्स या सरकारी वाहतूक संस्थेने बॉम्बार्डियर या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला १८२ लाइट रेल (ट्रामसारख्या) गाड्या सांगितल्या होत्या, त्या रखडल्या म्हणून २०१६ मध्ये करार रद्द करायची नोटीस दिली, तर कंपनीच कोर्टात गेली, आणि कोर्ट म्हणालं की आधी करारातली तंटा सोडवायची पद्धत पूर्ण करा. शेवटी ऑर्डर ७६ वर आली आणि ६१ गाड्यांचं काम आल्स्टॉम या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. लॉस एंजेलिसला तर अन्साल्डोब्रेडा या इटलीच्या कंपनीच्या गाड्या ठरल्यापेक्षा जड निघाल्या, उशीर झाला तो वेगळाच, मग पुढच्या १०० गाड्यांचा सौदा फिसकटला.

माझं विचाराल तर दोष एकाचाच क्वचित असतो, ऑर्डर दिल्यावर डिझाइनमध्ये बदल सुचवत बसणारे साहेब लोकही कमी नसतात, आणि मग दंड कोणी भरायचा यावरच खरी मारामारी.