टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा सर्वांत चांगला काळ कोणता? आणि नवीन ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: १९८० ते १९८५. एडगर फ्रोझे, क्रिस्टोफर फ्रांके आणि योहानेस श्मोलिंग हे तिघं एकत्र वाजवत होते तो काळ.

तुम्ही लिहिलंय की तुमचे मित्र १९७४ ते १९७७ सोडून बाकी कशाला 'खरं' टँजरिन ड्रीम मानायलाच तयार नाहीत. आमच्या नाशिकच्या कंपूतही हाच वाद आहे, वर्षानुवर्षं चाललाय, आणि बहुमत माझ्या विरोधात आहे. तरी मी हटत नाही.

मुळात घोळ होतो तो काळाच्या वाटणीमुळे. चाहते या बँडचे कालखंड रेकॉर्ड कंपनीवरून पाडतात. 'ओर' या जर्मन कंपनीच्या लोगोत गुलाबी कान होता म्हणून १९७० ते ७३ ही गुलाबी वर्षं, मग १९८३ पर्यंत व्हर्जिन वर्षं, त्यानंतर 'जाइव्ह इलेक्ट्रो'ची निळी वर्षं. आता बघा, 'हायपरबोरिया' हा अल्बम १९८३ सालचा, व्हर्जिनचा. 'पोलंड' हा वॉर्सातल्या मैफलीचा अल्बम, ती मैफल डिसेंबर १९८३ची, पण अल्बम निघाला १९८४ मध्ये जाइव्हकडून. तेच तिघं, मध्ये जेमतेम काही महिने, आणि चाहत्यांच्या हिशेबात दोन वेगळी युगं! करारावरची सही बदलली म्हणून वाजवणं बदलत नाही.

मी मोजतो तिसऱ्या माणसावरून. फ्रोझे १९६७ पासून, म्हणजे बँड सुरू केल्यापासून, जानेवारी २०१५ मध्ये वारला तोपर्यंत होता. फ्रांके १९७१ ते १९८७. या दोघांच्या शेजारी तिसरा कोण बसलाय, त्यावर सगळं ठरत गेलं.

आधी पीटर बाउमान. तुमच्या मित्रांचा आवडता काळ तो हाच, आणि त्याचं मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. 'फेड्रा' या अल्बमचं रेकॉर्डिंग १९७३च्या अखेरीस इंग्लंडमधल्या मॅनर स्टुडिओत झालं. फ्रांकेकडे मूग सिंथेसायझर होता, त्याच्या सीक्वेन्सरवर ठरावीक सुरांची मालिका पुन्हा पुन्हा फिरत राहायची. मी अंबडच्या एमआयडीसीत मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन करतो, त्यामुळे 'फेड्रा' मला दोन अंगांनी भिडतो. त्या जुन्या ॲनालॉग यंत्रांत सुराची उंची व्होल्टेजवर ठरते, आणि ट्रान्झिस्टर तापला की त्याच व्होल्टेजला सूर वेगळा लागतो. 'फेड्रा'च्या मुख्य तुकड्यात नेमकं हेच घडतं. यंत्रं तापत गेली, त्यांतले सूर निर्माण करणारे ऑसिलेटर सुरातून सरकत गेले, आणि ते सरकणं रेकॉर्डवर तसंच राहिलं. आमच्या कामात याला ड्रिफ्ट म्हणतात आणि तो काढून टाकण्यासाठी आम्हाला पगार मिळतो. त्यांनी त्याच ड्रिफ्टचं संगीत होऊ दिलं! एवढं धाडस १९७४च्या व्यावसायिक अल्बमवर करणं सोपं नव्हतं. तरीही तो ब्रिटनच्या यादीत पहिल्या वीसांत गेला, पुढच्या वर्षीचा 'रुबिकॉन' पहिल्या दहांत.

आमच्यातला एक जण ढोल पथकात वाजवतो. 'रुबिकॉन' म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो म्हणतो, ठेका तोच राहतो आणि त्याच्या आत वजन कुठे पडतं ते हलत जातं, वाजवणं म्हणजे दुसरं काय? त्याच्या या मुद्द्याला माझ्याकडे तोड नाही, आणि मी ती शोधतही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या काळातल्या मोठ्या तुकड्यांचा रस्ता बराचसा ठरलेला असतो: संथ धूसर सुरुवात, मग सीक्वेन्सर जागा होतो, जोर चढतो, ओसरतो, पुन्हा तीच धूसरता. एकदा पोत कळला की पुढचं वळण आधीच कळायला लागतं. 'रिकोशे' या अल्बमचा दुसरा भाग पियानोने उघडतो म्हणून तिथे कान टवकारतात, आणि त्या काळातलं माझं सर्वांत आवडतं काम तेच.

बाउमान १९७७ मध्ये बाहेर पडला. मधला १९७८चा गायनाचा प्रयोग मी सोडून देतो. मग आला श्मोलिंग: पियानो रीतसर शिकलेला, बर्लिनच्या नाट्यगृहात साउंड इंजिनिअर म्हणून काम करणारा. ३१ जानेवारी १९८० ला पूर्व बर्लिनच्या पालास्ट देअर रेपुब्लिकमध्ये बँडची मैफल झाली. श्मोलिंग नवाकोरा होता, आणि त्या मैफलीचं जे रेकॉर्डिंग पुढे 'पर्गामॉन' नावाने निघालं, त्याची सुरुवातच एकट्या पियानोने होते. ते ऐकताना कळतं की या बँडमध्ये आता कोणीतरी चाल रचणारा आलाय.

त्याच वर्षीचा 'टँग्रॅम' घ्या. पहिला भाग वीस मिनिटांच्या आतबाहेर. त्यात भाव किती वेळा पालटतो! पण कुठेही सांधा दिसत नाही. सीक्वेन्सर तोच आहे, फ्रांकेचा हात तसाच भक्कम आहे, फक्त आता त्या फिरत्या सुरांवर चाल चालते, वळते, दुसऱ्या चालीच्या हातात सूत्र देते. 'हायपरबोरिया'त 'नो मॅन्स लँड' आहे, त्यात माझ्या कानाला सतारीसारखा सूर लागतो. आमच्याकडे पंचवटीत भजनाला पेटी वाजवणारा एक मित्र येतो, सिंथेसायझरचं त्याला काडीचं वेड नाही, पण तो तुकडा त्याने लागोपाठ दोनदा लावायला लावला.

विरोधकांचा आक्षेप असा की याच काळात ते सिनेमाच्या मागे लागले आणि गुळगुळीत झाले. मला उलटं वाटतं. 'थीफ' (१९८१) आणि 'रिस्की बिझनेस' (१९८३) यांच्या संगीताने त्यांना थोडक्यात सांगायची शिस्त लावली. शिवाय वॉर्सात त्यांनी त्यानंतरच ऐन थंडीत लांबलचक तुकडे वाजवले, त्यात गुळगुळीत काही नाही. 'स्ट्रीट हॉक' ही मोटरसायकलवाल्याची मालिका आठवते? तिचं शीर्षकसंगीत १९८५च्या 'ल पार्क'मधलं आहे. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांनी नाव कळायच्या आधीच हा बँड ऐकलाय.

'ल पार्क'नंतर श्मोलिंग बँड सोडून गेला. पुढे पॉल हासलिंगर आला, तोही चांगला वादक, पण त्या वर्षांतले अल्बम मी क्वचितच ऐकायला काढतो. फ्रोझेच्या मागे थॉर्स्टन क्वेश्निंगने बँड चालू ठेवलाय, होशिको यामाने व्हायोलिन वाजवते. २०२२चा 'राउम' जरूर ऐका.

आता सुरुवातीचं. १९७२च्या 'झाइट'पासून सुरू करू नका. तो सुंदर आहे, पण अतिशय संथ, आणि गंगापूर रोडच्या रहदारीत गाडीत लावलात तर अर्धा इंजिनच्या आवाजात बुडेल. घरी, बऱ्यापैकी स्पीकरवर, 'टँग्रॅम'चा पहिला भाग सलग ऐका. दुसऱ्या दिवशी 'रिकोशे'चा दुसरा भाग. 'फेड्रा' त्यानंतर ठेवा. तोपर्यंत फ्रांकेचा सीक्वेन्सर सुरात असताना कसा वाजतो हे कानाला माहीत झालेलं असेल, आणि तो सुरातून सरकायला लागला की तुम्हाला ती जागा कोणी दाखवावी लागणार नाही.