पहिली फुल मॅरेथॉन घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय धावता येते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: चार महिन्यांत ४२ किलोमीटरची तयारी होईल का, आणि घरचे किंवा मित्र पाठीशी नसतील तर चालतं का. पहिल्याचं उत्तर छोटं आहे. आधी एखादी हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, नीट धावून झाली असेल तर होईल. शून्यापासून सुरुवात असेल तर नाही होणार, आणि कुणी होईल म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. मी लिहायला बसले ती दुसऱ्या प्रश्नासाठी. याच गोष्टीवरून आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ धावपटूंशी माझं वाजलं होतं, आणि ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी ठाण्याची. जानेवारी २०२० ची मुंबई मॅरेथॉन ही माझी पहिली फुल. उपवन, येऊरचा चढ, घोडबंदर रोड, असा आमचा सराव चालायचा. हे गृहस्थ आमच्यात सगळ्यांत अनुभवी. त्यांचं मत ठाम: धावणं एकट्याचं असतं, घरच्यांना त्यात ओढायचं नाही, पाठिंब्याची सवय लागली की माणूस कच्चा राहतो. "मी आजवर कुणाच्या मदतीशिवाय धावलो," असं ते नव्या मुलामुलींना सांगायचे.

त्यांच्या पत्नी माझ्या ओळखीच्या. रविवारी पहाटे साडेतीनला उठून त्यांचा चहा त्या करायच्या. ते परत येईपर्यंत नाश्ता तयार, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं औषधपाणी झालेलं. दुपारी ते झोपले की घरात कुणी टीव्हीसुद्धा लावायचा नाही. ही मदत नाही तर काय? रोज हातात आयती पडत होती म्हणून त्यांना ती दिसत नव्हती. घर चालवणाऱ्या बाईला ती अशी आयती मिळत नाही. तिला ती मागावी लागते, आणि मागितली की "एवढं कशाला धावायचं" हे ऐकावं लागतं.

त्याच काळात, १२ ऑक्टोबर २०१९ ला, केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत ४२ किलोमीटर धावला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपवनला हेच गृहस्थ म्हणाले, "बघा, एकटा माणूस काय करू शकतो." मी म्हटलं, एकटा कुठे? वारा अडवायला आणि वेग धरून द्यायला आळीपाळीने बरोबर धावणारे ४१ पेसर होते, पाणी हातात द्यायला सायकलवाले होते, शेवटच्या रेषेवर बायको होती. इतकी मदत होती की तो अधिकृत विक्रमसुद्धा धरला गेला नाही. ते म्हणाले, "तो विषय वेगळा." मला तो वेगळा वाटला नाही, आजही वाटत नाही. जगातला सगळ्यांत भारी मॅरेथॉनपटू मदत घेतो आणि ती सगळ्यांना दिसेल अशी घेतो, तर आपण ती लपवायची कशाला?

आमच्या घरी मी आधी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की चार-पाच महिने रविवारची सकाळ माझी नाही. नवऱ्याने लाँग रनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावाला, सायकलवर बाटल्या घेऊन यायचं कबूल केलं आणि शेवटपर्यंत पाळलं. एक मैत्रीण ३२ किलोमीटरच्या रनला शेवटचा टप्पा माझ्याबरोबर धावली. ती माझ्यापेक्षा बरीच वेगवान, पण त्या दिवशी माझ्या वेगाने आली. शेजारच्या ताई शनिवारी संध्याकाळी मुलीला क्लासला सोडायच्या, त्यामुळे मला नऊच्या आत झोपता यायचं. झोपेचं महत्त्व कुणी सांगत नाही. ट्रेनिंग प्लॅनमध्ये किलोमीटर लिहिलेले असतात, भांडी कोण घासणार ते लिहिलेलं नसतं.

पण खरी गोष्ट सासूबाईंची. त्यांचं माहेर फलटणजवळचं, माउलींची पालखी जाते त्या वाटेवरचं. लहानपणापासून त्यांनी दिंड्यांना पाणी दिलेलं, पिठलं-भाकरी वाढलेली, सुजलेल्या पायांना तेल लावलेलं. माझं धावणं त्यांना सुरुवातीला मुळीच पटलं नव्हतं. तरी मी लंगडत घरी आले त्या दिवशी त्यांनी काही न विचारता कोकमतेल गरम करून पुढे ठेवलं. मग हळूहळू सगळं हातात घेतलं. "नवे मोजे घालून जाऊ नकोस, जुने घाल." "पोट रिकामं ठेवून निघायचं नाही." शनिवारी रात्री फ्रिजमध्ये लिंबू, मीठ, साखरेचं पाणी भरलेली बाटली आणि डब्यात बिया काढलेले खजूर. धावताना ताकदीसाठी खातात ती बाजारातली गोड जेल मी घेऊन पाहिली होती, माझ्या पोटाला ती सोसत नव्हती.

मॅरेथॉनच्या आधी मी त्यांना म्हटलं, आई, तुम्ही कशाला दगदग करता, शेवटी सीएसएमटीलाच या, मॅरेथॉन तिथेच संपते. त्या म्हणाल्या, "पोचल्यावर पाणी देणारे पुष्कळ असतात गं. मला मधलं ठिकाण सांग."

हे वाक्य तुम्ही लिहून ठेवा. सुरुवातीला अंगात जोर असतो, तिथे कुणी लागत नाही. शेवटी मेडल दिसत असतं. माणूस लागतं ते मध्ये. मुंबईच्या मार्गात समुद्रावरचा वांद्रे-वरळी सी-लिंक लागतो, त्यावर बघायला कुणी येऊ शकत नाही. तिथे आपल्या आणि आजूबाजूच्यांच्या पावलांचाच आवाज. बरं वाटतं तेही, पण पूल संपेपर्यंत डोकं सुन्न झालेलं असतं. मग माहीमला माणसं दिसायला लागतात आणि शिवाजी पार्कच्या बाजूला सासूबाई. नऊवारी, हातात स्टीलचा पेला, बरोबर माझी मुलगी. त्यांनी मला "कशी आहेस, काय हवंय" असलं काही विचारलं नाही. पेला हातात दिला, संत्र्याच्या फोडी दिल्या आणि म्हणाल्या, "थांबू नकोस, चालत चालत पी."

नंतर घरी मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, चालून आलेल्या माणसाला काय हवं ते कळत नसतं, त्याला विचारायचं नाही, हातात द्यायचं. अगदी खरं आहे. पंचवीस-सव्वीस किलोमीटरनंतर कुणी "काय देऊ?" विचारलं की आपण "काही नको" म्हणतो आणि पुढे जाऊन क्रॅम्पने, म्हणजे पायात गोळा येऊन, बसतो.

मला क्रॅम्प आलाच, परतीच्या पेडर रोडच्या चढावर, ऊन वर आल्यावर. तिथे ठरल्याप्रमाणे नवरा होता. तो फुटपाथवरून माझ्या बरोबरीने चढत राहिला आणि फक्त खांब मोजत राहिला: त्या खांबापर्यंत चाल, मग धाव. तिथल्या इमारतींमधली अनोळखी माणसं दर वर्षी रस्त्यावर येऊन केळी, मीठ, बिस्किटं देतात. एका आजोबांनी माझ्या तळहातावर मीठ ठेवलं. मी पूर्ण केली. वेळ सांगण्यासारखी नाही असं कुणाला वाटेल, मला तिचा पूर्ण अभिमान आहे. आणि ते मेडल सासूबाईंच्या देवघराशेजारी आहे, ते त्यांनी मागून घेतलं.

आता तुमच्याविषयी. "पाठीशी नाहीत" म्हणजे नक्की काय ते तुम्ही लिहिलेलं नाही. टाळ्या वाजवत नाहीत एवढंच असेल तर काही बिघडत नाही. पण पहाटेचं काम वाटून घ्यायला कुणीच तयार नसेल तर या वर्षी हाफ करा. फुलची तयारी झोप मोडून पुरी होत नाही, दुखापत होते. आणि घरच्यांकडे पाठिंबा मागू नका, काम मागा. "मला सपोर्ट करा" म्हटलं की लोक अंगठ्याचं चित्र पाठवतात. "रविवारी आठ वाजता दूध तू तापवशील का?" असं विचारलं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर येतं.

मुंबईच धावणार असाल तर घरच्यांना गाडी आणू देऊ नका, रस्ते बंद असतात. माझ्या वेळी सासूबाई दादरला उतरून टॅक्सीने जमेल तिथपर्यंत आणि पुढे पायी आल्या. तरणी माणसं दादरहून चालत शिवाजी पार्कला जाऊन, तुम्हाला भेटून, परत दादरला येऊन वेस्टर्नच्या स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरू शकतात. तिथून पेडर रोडच्या चढाजवळचं केम्प्स कॉर्नर चालत होतं, म्हणजे तुम्हाला तिथे दुसऱ्यांदा भेटता येतं. तुम्हाला शिवाजी पार्कपासून तेवढं अंतर धावायला तासाच्या वर लागेल, ते आरामात पोचतात.

सगळ्यांची घरं आमच्यासारखी नसतात, हे मला माहीत आहे. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, तिच्या घरी आजही सांगितलेलं नाही की ती धावते. तिची बाटली, डबा, परतीची रिक्षा सगळं आम्ही मैत्रिणी बघतो. नातेवाईकच हवेत असं काही नाही. चाळिशीच्या पुढचे असाल तर नोंदणीआधी डॉक्टरकडे जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या. प्रेमाने दिलं म्हणून प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी पीत सुटू नका, अंगातलं मीठ पातळ होऊन माणूस कोसळतो. मार्गात बदल होत असतात, तेव्हा माझी ठिकाणं तुमच्या वर्षीच्या नकाशावर ताडून घ्या. आणि रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात त्या वेळा, आदल्या दिवशीच बघून ठेवा, कारण सोडायला आलेली माणसं पहाटे नीट पोचतात, अडकतात ती परतीला.