आयर्लंडच्या शेतकरी घराण्याचा माग लग्नाच्या आणि जमिनीच्या नोंदींवरून कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मिस्टरांचे पणजोबा १८८० च्या आसपास आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या काउंटी क्लेअर या जिल्ह्यातून मेलबर्नला गेले, घर शेतकऱ्याचं होतं, आणि नाव नि काउंटी सोडून हातात काहीच नाही. माझं सासर क्लेअरचंच आहे आणि आमच्या घरचा शोध मीच घेतलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयर्लंडमधून सुरुवात करू नका, मेलबर्नमधून करा. व्हिक्टोरिया राज्याच्या त्या काळच्या लग्नाच्या सर्टिफिकेटवर भरपूर माहिती असते, नवरा-नवरी दोघांच्याही आईवडलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. हे माहेरचं आडनाव फार महत्त्वाचं, कारण क्लेअरमध्ये एका नावाचे ढिगाने शेतकरी सापडतात, पण नवरा-बायकोची तीच जोडी क्वचितच दोनदा येते. आता आयर्लंडमध्ये कॅथलिक लोकांच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या १८६४ ला, पणजोबा त्याआधी जन्मले असतील तर त्यांची नोंद नसणार, पण धाकटी भावंडं नंतरची असतील तर त्यांच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं नाव आणि राहायचं टाउनलँड दोन्ही सापडतं. सरकारी साइटवर मूळ पानांचे फोटो फुकट आहेत. टाउनलँड म्हणजे तिथला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग, देशभरात साठ हजारांच्या वर आहेत, आणि तो कळल्याशिवाय जमिनीच्या कागदांना हात लावून उपयोग नाही.

तो कळला की ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन बघा, म्हणजे कर बसवायला केलेली देशभरातल्या जमिनींची आकारणी, क्लेअरचं १८५५ चं आहे. जमीन कोण कसतोय, मालक कोण, किती एकर, आकारणी किती, सगळं मिळतं. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघं असतील तर नावापुढे कधीकधी कंसात बापाचं नाव किंवा टोपणनाव असतं, ते हमखास टिपून ठेवा.

बरेच जण इथेच थांबतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण खरा खजिना यानंतर याच आकारणीत बदल नोंदवत गेलेल्या दुरुस्तीच्या वह्यांमध्ये आहे, क्लेअरच्या डब्लिनला आहेत. आपल्याकडची फेरफार नोंदवही डोळ्यासमोर आणा. बापाचं नाव रेघ मारून खोडलेलं, त्याच्या वर दुसऱ्या रंगाच्या शाईत मुलाचं, कडेला साल. कुठल्या वर्षीचे बदल कुठल्या शाईत केलेत त्यावरून क्रम लागतो, म्हणून कॉपी घ्याल तेव्हा रंगीतच घ्या.

आता लग्न आणि जमीन शेजारी ठेवून वाचायचं. ज्या मुलाकडे शेत जायचं त्याचं लग्न ठरतानाच शेत त्याच्या नावावर करायची बोलणी व्हायची, आणि सुनेने आणलेल्या हुंड्यातून बऱ्याचदा नणंदेचं लग्न नाहीतर एखाद्या भावंडाचं बोटीचं तिकीट निघायचं. म्हणजे मिस्टरांचे पणजोबा मेलबर्नला गेले तेव्हा मागे शेत कुठल्या भावाकडे गेलं हे वहीत दिसेल, आणि त्या भावाचं लग्न सापडलं की घर पक्कं होतं. वहीत बदल उशिरा चढायचे, त्यामुळे सालाच्या थोडं मागे जाऊन शोधा. आमच्याकडे मुलाचं नाव १८८८ ला लागलंय आणि लग्न निघालं १८८७ च्या फेब्रुवारीतलं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत लग्नं करत नसत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत लग्नांची गर्दी असते. आणि लग्न बहुतेक नवरीच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत लागायचं, मुलाच्या पॅरिशमध्ये नाही मिळालं म्हणून नाद सोडू नका. नोंदीत दोघांच्या वडलांची नावं, धंदा, राहायचं ठिकाण असतं, साक्षीदार बऱ्याचदा सख्खी भावंडंच. वयाच्या रकान्यात मात्र नुसतं सज्ञान लिहिलेलं असेल, म्हणजे एकवीस किंवा पुढे कितीही.

जनगणनेवर फार भिस्त ठेवू नका. १८२१ ते १८५१ ची बहुतेक सगळी १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स इथल्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत गेली आणि त्यानंतरच्या १८९१ पर्यंतच्या सरकारनेच नष्ट केल्या. १९०१ आणि १९११ ची पूर्ण आहे, ऑनलाइन फुकट आहे, १९११ मध्ये लग्नाला किती वर्षं झाली तेही विचारलंय, त्यामुळे शेतावर राहिलेल्या भावाच्या लग्नाचं साल तिथूनही काढता येईल.

मेलबर्नचं सर्टिफिकेट हातात आलं की त्यातली दोन्ही आडनावं इथे खाली टाका, क्लेअरमधली पॅरिश शोधायला मी मदत करते.