वाचक विचारतात : इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला वायर कोणती?

प्रश्न : जुनी इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलची जोडी घेतली आहे. ॲम्प्लिफायर कोनाड्यात, स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येकाला ५ मीटर वायर लागते. इलेक्ट्रिशियनने लाल आणि काळी वायर वेगवेगळ्या केसिंग-कॅपिंगमधून नेली, दोन्हींत १० सेंमी अंतर आहे. भजनातले टाळ कानाला टोचतात. दुकानदार महागडी केबल सुचवतो. घ्यावी का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : केबल राहू द्या, आधी लाल-काळी एकत्र आणा. दोष तांब्यात नाही, त्या १० सेंमीत आहे.

तुमचं पॅनेल म्हणजे दोन जाळीदार पत्र्यांमध्ये ताणलेली पातळ प्लॅस्टिक फिल्म, थोडक्यात विद्युतभार साठवणारा मोठा कपॅसिटर. त्याच्याआधी व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर असतो. उदाहरणादाखल पॅनेल ५०० पिकोफॅरडचं आणि ट्रान्सफॉर्मर १:७५ चा धरा. ॲम्प्लिफायरला ते ७५ गुणिले ७५ पट होऊन दिसतं, म्हणजे सुमारे २.८ मायक्रोफॅरड. २० किलोहर्ट्झला हा भार ३ ओहमच्या आत येतो, आणि काही मॉडेलांत १ ओहमच्याही खाली जातो.

आता वायर. दोन तारांत १० सेंमी अंतर असेल तर दर मीटरला साधारण २ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) येतो, ५ मीटरला १०. इंडक्टन्स ट्रेबल (वरच्या पट्टीचे सूर) खातो, असं सर्रास सांगितलं जातं. साध्या शंकूच्या स्पीकरवर ते खरंही आहे. कपॅसिटरवर मात्र उलटं होतं : दोघांचा मेळ जमून ३० किलोहर्ट्झच्या आसपास रेझोनन्स (ठरावीक वारंवारतेला होणारी उसळी) तयार होतो आणि त्याच्या अलीकडचा ट्रेबल फुगतो. वायरचा रेझिस्टन्स बाजूला ठेवून हिशेब केला तर १५ किलोहर्ट्झला अडीच डेसिबल वाढतात. टाळ टोचतात ते त्यामुळे. ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा लीकेज इंडक्टन्स (निसटत्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा) त्यात आणखी भर घालतो.

घरी करायचा उपाय सांगतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातून आयएसआय मार्कची दीड स्क्वेअरची (१.५ चौरस मिमी) फ्लेक्सिबल वायर घ्या, २२ मीटर लाल आणि २२ मीटर काळी. प्रत्येक स्पीकरसाठी साडेपाच मीटरचे चार तुकडे करा, दोन लाल, दोन काळे. पीळ देताना अर्धा मीटर आटतो. प्लायच्या तुकड्याला चौकोनात चार भोकं पाडा आणि लाल-काळी-लाल-काळी अशा क्रमाने वायरी ओवा, म्हणजे समोरासमोरच्या दोन एकाच रंगाच्या येतील. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये धरून मशीन अगदी सावकाश फिरवा. प्लायचा तुकडा पिळाच्या पुढे पुढे सरकवत न्या. दर ४-५ सेंमीला एक वेढा पुरे. प्लाय वगळला तर वायरी जागा बदलतात, दोन लाल शेजारी येतात आणि सगळा फायदा पाण्यात जातो. ड्रिल एकदम सोडू नका. वायर उलटी फिरून हाताला फटका बसतो.

दोन्ही लाल एका लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), दोन्ही काळ्या दुसऱ्यात. स्पीकर न जोडता मीटरने लाल-काळी तपासा. जरा जरी कंटिन्युइटी दाखवली तर शॉर्ट आहे, ॲम्प्लिफायर जाईल. या गुंफणीत इंडक्टन्स ५ मीटरला दीड मायक्रोहेन्रीच्या आसपास राहतो आणि जाण्या-येण्याचा मिळून रेझिस्टन्स ०.०६ ओहम. रेझोनन्स ७५ किलोहर्ट्झच्या पलीकडे ढकलला जातो. ॲम्प्लिफायर स्पीकरजवळ नेऊन वायर दीड मीटरवर आणता आली तर त्याहून उत्तम.

प्रश्न : विणलेल्या पट्टीसारखी 'लो इंडक्टन्स' केबल जोडल्यापासून गाणं बंद असतानाही ॲम्प्लिफायर तापतो. (एक वाचक, धुळे)

उत्तर : ताबडतोब बंद करा, तो ऑसिलेट होतो आहे, म्हणजे गाणं नसतानाही आपोआप स्पंदनं निर्माण करतो आहे. अशा केबलचा इंडक्टन्स कमी, पण कपॅसिटन्स भरपूर असतो. ऐकू येणाऱ्या आवाजापुरता हा कपॅसिटन्स पॅनेलच्या मानाने नगण्य आहे. अडचण येते मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात : तिथे ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स पॅनेलला आड करतो आणि ॲम्प्लिफायरसमोर उरते नुसती केबल. काही ॲम्प्लिफायर ती झेपवत नाहीत. १० ओहम, ५ वॉटचा मेटल ऑक्साइड रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर एकामागे एक जोडून ही जोडी स्पीकरच्या लाल आणि काळ्या टर्मिनलच्या मध्ये लावा, एक टोक लालला, दुसरं काळ्याला. ॲम्प्लिफायरच्या टोकाला नव्हे, स्पीकरच्याच टोकाला. सिरॅमिकचं लांबट वायरवाउंड रेझिस्टर नको, त्यात स्वतःचा इंडक्टन्स असतो. तरीही तापत असेल तर त्या ॲम्प्लिफायरला ती केबल लावूच नका.

प्रश्न : पारदर्शक स्पीकर वायर आतून हिरवी पडली आहे. बदलू का? शिवाय नवी वायर तांब्याचीच आहे, हे कसं ओळखावं? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : पीव्हीसी मऊ ठेवणाऱ्या रसायनांनी तांब्यावर हिरवा थर येतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला वेळ लागत नाही. मधली वायर चालेल. टोकं मात्र चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, नाहीतर स्क्रूखाली रेझिस्टन्स वाढतो.

नव्या वायरचा एक धागा ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसला तर तो तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियम आहे. टीन केलेल्या तांब्यात उलट होतं, बाहेर चंदेरी आणि आत लाल. मुलाम्याच्या वायरचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि धागे स्क्रूखाली तुटतात. वेटोळं हातात घेतलं की हलकेपणा लगेच कळतो.

प्रश्न : वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की पॅनेलचा आवाज खाली येतो. वायर कमी पडते का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : वायरचा संबंध नाही. फिल्मवरचं काही हजार व्होल्टचं बायस (फिल्म सतत भारित ठेवणारं व्होल्टेज) मेन्सच्या शिखर व्होल्टेजवरून तयार होतं. २३० व्होल्टच्या नेहमीच्या विजेचं शिखर ३२५ असतं, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचं जेमतेम २३०. ज्या स्पीकरच्या बायसला रेग्युलेशन (व्होल्टेज स्थिर ठेवणारी सोय) नाही, त्याचं बायस तेवढ्याच प्रमाणात पडतं आणि आवाज ३ डेसिबलने उतरतो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर लावा. आणि पॅनेलचं मागचं झाकण तपासायला उघडू नका. प्लग काढल्यावरही आत चार्ज बराच वेळ टिकून राहतो.