व्हर्च्युअल मशीनला स्टॅटिक आयपी दिला तरी डीएचसीपीचा (नेटवर्ककडून आपोआप मिळणारा) पत्ता परत येतो, तो कसा थांबवू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: लिनक्स होस्टवर केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवण्याची लिनक्सची सोय) आहे, आत उबंटू सर्व्हर. पहिला इंटरफेस लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या) डिफॉल्ट नेटवर्कवर, दुसरा ब्रिजमधून ऑफिसच्या स्विचवर. दुसऱ्याला तुम्ही नेटप्लॅनच्या (उबंटूत नेटवर्कची सेटिंग वाचणाऱ्या साधनाच्या) नव्या फाइलमध्ये हाताने पत्ता दिला, तरी रीबूटनंतर तिथे दोन पत्ते दिसतात आणि कधीकधी इंटरनेटच बंद पडतं. शिवाय याच मशीनच्या दोन क्लोनना एकच आयपी मिळतोय.

काहीही बंद करण्याआधी पत्ता कुणी मागितला आणि कुणी दिला ते बघा. आयपी ॲड्रेस दाखवणारी कमांड चालवली की ज्या पत्त्यापुढे ‘डायनॅमिक’ लिहिलेलं असतं तो तुमचा नाही, बाहेरून आलेला आहे. १९२.१६८.१२२ ने सुरू होत असेल तर तो होस्टवरच्या डीएनएसमास्क या छोट्या डीएचसीपी सर्व्हरने दिला. लिबव्हर्ट डिफॉल्ट नेटवर्कसाठी तोच चालवतं. तुमच्या दुसऱ्या इंटरफेसवरचा मात्र ऑफिसच्या राउटरकडून आलेला असणार, कारण ब्रिज म्हणजे नुसती वायर. होस्टवर लिबव्हर्टच्या नेटवर्कची कितीही सेटिंग बदला, त्या डीएचसीपीवर काही परिणाम होणार नाही. तो मशीनच्या आतूनच थांबवावा लागेल.

आता दोन पत्ते का? इथे बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती. आपल्याला वाटतं की नवी फाइल जुनीला बाद करते. तसं होत नाही. नेटप्लॅन फोल्डरमधल्या सगळ्या फाइली नावाच्या क्रमाने वाचून एकत्र करतो. ५० आकड्याने सुरू होणाऱ्या क्लाउड-इनिटच्या (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीत ‘डीएचसीपी४ ट्रू’ असेल आणि तुमच्या ९९ च्या फाइलीत फक्त पत्ता लिहिला असेल, तर दोन्ही लागू होतात: तुमचा पत्ता हवा आणि डीएचसीपीही हवं. म्हणून तुमच्या फाइलीत ‘डीएचसीपी४ फॉल्स’ असं स्पष्ट लिहायला हवं. एकत्र होऊन शेवटी काय बनलं ते ‘नेटप्लॅन गेट’ ही कमांड दाखवते. फाइली उघडून डोकं खाजवण्यापेक्षा ती आधी चालवा.

५० ची फाइल हाताने दुरुस्त करू नका. मशीन नवीन आहे असं क्लाउड-इनिटला वाटलं, म्हणजे सीड डिस्क (त्याला सेटिंग पुरवणारी डिस्क) बदलली किंवा इन्स्टन्स आयडी वेगळा आला, की तो ती फाइल पुन्हा लिहितो. त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये नेटवर्क कॉन्फिग ‘डिसेबल्ड’ सांगणारी एका ओळीची छोटी फाइल ठेवली की तो नेटवर्कमध्ये हात घालत नाही.

इंटरनेट बंद पडण्याचं कारण वेगळं आहे. राउटर पत्त्याबरोबर गेटवेही देतो. दोन्ही इंटरफेसना डीएचसीपीतून गेटवे मिळाला की दोन डिफॉल्ट रूट (बाहेर जायचे नेहमीचे रस्ते) होतात, नेटप्लॅनमध्ये दोघांचं मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) १००, मग पॅकेट कोणत्या दारातून बाहेर पडेल ते नशिबावर. दुसऱ्या इंटरफेसवर स्टॅटिकच हवा असेल तर डीएचसीपी बंद केल्यावर हे आपोआप सुटेल. पण कधी पत्ता डीएचसीपीचाच हवा आणि गेटवे नको अशी वेळ आली, तर ‘डीएचसीपी४-ओव्हरराइड्स’खाली ‘यूज-रूट्स फॉल्स’ लिहा. डीएनएससाठीही तसाच पर्याय आहे.

आयपीव्ही६ विसरू नका. डीएचसीपी४ बंद केल्याने त्याला काही फरक पडत नाही. ऑफिसचा राउटर ‘मी इथे आहे’ अशा जाहिराती (राउटर ॲडव्हर्टाइजमेंट, म्हणजे आरए) पाठवत असेल तर इंटरफेस त्या ऐकून स्वतःच लांबलचक पत्ता बनवतो, कुणाला विचारतही नाही. बरेच जण इथे कर्नलची सिसकंट्रोल सेटिंग शून्य करतात आणि चक्रावतात, कारण सिस्टिमडी-नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारी उबंटूमधली सेवा) त्या जाहिराती कर्नलवर न सोडता स्वतः ऐकतो. नेटप्लॅनमध्येच ‘ॲक्सेप्ट-आरए फॉल्स’ लिहा. इंटरफेसला अजिबात कुठलाच पत्ता नको असेल, उदाहरणार्थ नुसतं ट्रॅफिक बघायचं असेल, तर ‘लिंक-लोकल’ची यादी रिकामी ठेवा आणि ‘ऑप्शनल ट्रू’ द्या. नाहीतर तिथे न मिळणाऱ्या पत्त्याची वाट बघत बूट दोन मिनिटं अडकू शकतो.

(आत विंडोज असेल आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून उत्तरच आलं नाही म्हणून विंडोजने तो स्वतः घेतला आहे. तिथे दोष ब्रिजमध्ये शोधा.)

क्लोनचं प्रकरण मजेशीर आहे. व्हर्ट-क्लोन ही कमांड मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) नवा देते, पण आतली मशीन-आयडी फाइल जुनीच राहते. नेटवर्कडी डीएचसीपीला आपली ओळख मॅकवरून सांगत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेली सांगतो. डीएनएसमास्कच्या दृष्टीने मग दोघं एकच गिऱ्हाईक, पत्ताही एकच. होस्टवर व्हर्श या लिबव्हर्टच्या कमांडमधून त्या नेटवर्कच्या डीएचसीपी लीज (कुणाला कोणता पत्ता दिला त्याच्या नोंदी) बघा, शेवटच्या रकान्यात क्लायंट आयडी असतो. मूळ मशीनमधली मशीन-आयडी फाइल क्लोन करण्याआधी रिकामी करा (काढून टाकू नका, फक्त रिकामी), म्हणजे प्रत्येक क्लोन पहिल्या बूटला स्वतःची बनवतो. किंवा नेटप्लॅनमध्ये ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक’ लिहा. होस्टवर मॅकनुसार ठरावीक आयपी बांधून द्यायचा विचार असेल तर मी हा मॅकचा दुसरा मार्ग घेईन, लीज वाचायला सोपी जाते.

एक मात्र माझ्याकडून शिका: बदल एसएसएचवरून करताना ‘नेटप्लॅन अप्लाय’ नाही, ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. मी एका जुन्या नोकरीत शुक्रवारी संध्याकाळी थेट अप्लाय केलं, डिफॉल्ट रूट दुसऱ्या इंटरफेसवर गेला आणि सेशन जागीच गोठलं. कन्सोलपर्यंत पोहोचायला सोमवार उजाडला. ट्राय केलं असतं तर १२० सेकंदांत होकार न मिळाल्यामुळे जुनं सेटिंग आपोआप परत आलं असतं.

एवढं करूनही दुसरा पत्ता दिसलाच तर ‘नेटप्लॅन गेट’चं आउटपुट प्रश्नात जोडा, बघतो.