जुन्या मोटारीचे ड्रम ब्रेक : सुटे भाग नवे, तक्रार कायम

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. अलीकडे ड्रम लेथवर घासून घेतले आणि शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल भाग) व व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे) नवे बसवले. रबरी होज (चाकाकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचीक नळ्या) बाहेरून चांगले दिसत होते म्हणून तेच ठेवले. आता पेडल पहिल्यांदा दाबले की फार खाली जाते आणि लगेच पुन्हा दाबले की वर येते. काही अंतर चालवल्यावर पुढचे उजवे चाक तापते आणि ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते. वारंवार ब्लीडिंग (ब्रेक ऑइलमधली हवा काढणे) करूनही फरक पडलेला नाही. पेडलच्या जोराने ऑइलचा दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर बदलावा का?

उत्तर : तूर्त बदलू नये. मास्टर सिलिंडरमुळे दाब अडकत असता, तर पुढची दोन्ही चाके सारखीच तापली असती. आपल्या तक्रारी तीन असल्या तरी त्यांतील दोन बहुधा एकाच दोषाच्या आहेत, म्हणून आधी तापणाऱ्या चाकाकडे वळू.

ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि लायनिंगची, म्हणजे शूवरील घर्षणाच्या थराची, पकडही घटते. उजवीकडचा ब्रेक असा मंदावला की डावीकडचा वरचढ ठरतो आणि गाडी तिकडे ओढली जाते. त्यामुळे डाव्या चाकात दोष शोधण्यात वेळ घालवू नये. ब्रेकने चाक धरून ठेवलेले असतानाच गाडी सपाट जागी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर घ्यावी आणि लोखंडी नळी होजला मिळते तो जोड किंचित सैल करावा. चाक मोकळे झाले, तर दाब मास्टर सिलिंडरच्या बाजूने येत आहे. ते मोकळे झाले नाही, पण त्यानंतर ब्लीडर स्क्रू (व्हील सिलिंडरवरचा हवा काढण्याचा स्क्रू) उघडताच झाले, तर दाब होजमध्येच अडकलेला आहे. हा क्रम उलटवू नये, कारण ब्लीडर आधी उघडल्यास सगळाच दाब निघून जातो आणि चाचणीचा अर्थ उरत नाही. दोन्ही उघडूनही चाक फिरत नसेल, तर दोष यांत्रिक आहे : शू मागे खेचणारी रिटर्न स्प्रिंग सैल किंवा चुकीच्या जागी अडकवलेली असेल, बॅकप्लेटवर (शू ज्यावर बसवलेले असतात त्या पत्र्यावर) शू टेकतो तेथे खाच पडली असेल, किंवा चाकाचे बेअरिंग जास्त आवळले गेले असेल.

माझा संशय होजवर आहे. जुना होज आतून फुगतो किंवा त्याचे आतले अस्तर सुटते. पायाच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे सरकते, पण स्प्रिंगच्या तुलनेने कमी जोराला ते परत येत नाही. बाहेरून निरोगी दिसणे हा त्याच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे. एक होज असा निघाला तर सगळेच बदलावेत. एवढ्या कामात ही काटकसर समजण्यासारखी नाही.

आता पेडल. दुसऱ्या दाबात ते वर येऊन टणक लागत असेल, तर शू आणि ड्रम यांतील अंतर जास्त आहे. वर येऊनही स्पंजासारखे दबत असेल, तर हवेचा संशय घ्यावा. आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील आतून सोडत आहे. खात्रीसाठी हँडब्रेकची केबल सैल करून सर्व ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ सरकवणारे भाग) चाके जाम होईपर्यंत आवळावेत. अशा स्थितीत पेडल उंच आणि टणक लागले, तर ऑइलच्या बाजूला हवा किंवा गळती नाही आणि ब्लीडिंगचा खटाटोप थांबवावा.

आपल्या बाबतीत लेथचा उल्लेख महत्त्वाचा आहे. घासलेल्या ड्रमचा व्यास वाढतो, तर नव्या शूची गोलाई मूळ मापाचीच असते. त्यामुळे शू फक्त मध्यभागी टेकतो, जोर वाढला की वाकतो आणि हवा नसतानाही पेडल स्पंजासारखे लागते. ड्रमच्या आत खडू फासून हाताने फिरवत ब्रेक हलकाच लावावा. खडू लायनिंगच्या मध्यावरच उमटला, तर शू त्या ड्रमच्या मापाने घासून घ्यावेत. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असल्यास तोही पडताळावा, कारण त्यापुढे गेलेला ड्रम बदलण्याखेरीज उपाय नाही. शेवटी ॲडजस्टर आवळून पेडल जोरात दाबावे म्हणजे शू मध्यावर बसतात, पुन्हा आवळावे आणि चाक मोकळे फिरेपर्यंत मागे घ्यावे. मधला टप्पा वगळला की काही दिवसांतच पेडल पुन्हा खाली जाते.

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्न : ब्रेक ऑइल लागलेले शू पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरता येतील का?

उत्तर : नाही. लायनिंग तेल शोषून घेते आणि तापल्यावर ते पुन्हा पृष्ठभागावर येते. गळती आधी थांबवून त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलावेत. सिलिंडरची रबरी सीलेही पेट्रोलने धुऊ नयेत, ती फुगतात.